मूळव्याधीच्या पांघरुणाखाली

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरच्या भिंती पाहाव्यात. खते, बियाणे आणि शिकवणी वर्ग यांच्या जाहिरातींच्या जोडीला एक पाटी हमखास दिसते: मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन खात्रीचा इलाज. भंडारा जिल्हा याला अपवाद नाही. मूळव्याध हे दुखणे खरे आहे, ते सर्रास आढळते आणि बहुतेकदा त्यापासून जिवाला धोका नसतो. अडचण निराळीच आहे. शौचावाटे रक्त पडण्याच्या यच्चयावत कारणांना लोकव्यवहाराने हे एकच नाव देऊन टाकले आहे, आणि एकदा नाव मिळाले की शोध थांबतो. या नावाच्या पांघरुणाखाली जे अनेक विकार सुखेनैव वाढत राहतात, त्यांत मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग हा सर्वांत घातक होय.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून दिवस काढणाऱ्या माणसाला शौचाबरोबर थोडे रक्त दिसले, तर तो ते सहसा कोणाला सांगत नाही. सांगितले तरी घरातला सल्ला ठरलेला असतो: तिखट कमी कर, ताक पी. पुढे चूर्ण येते, मलम येते, मग पाटीवरचा इलाज येतो. दरम्यान रोवणी संपून कापणी येते. भूक मंदावते, शौचाची वेळ बिघडते, अंगावरचा सदरा सैल होऊ लागतो. मग कोणीतरी नातलग धीर करून नागपूरला घेऊन जातो. तिथे निदान व्हायला फारसा वेळ लागत नाही. जो वेळ लागायचा तो आधीच लागलेला असतो. स्त्रियांच्या बाबतीत तर या क्रमात संकोचाची आणखी एक पायरी असते आणि ती सर्वांत उंच असते.

हा क्रम केवळ खेड्यातल्यांच्या वाट्याला येतो असेही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१३-१४ या एका वर्षात आलेल्या अशा ८०० नव्या रुग्णांची छाननी तेथील डॉक्टरांनी २०१७ साली प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक रुग्णांना शौचावाटे रक्त पडण्याचा त्रास होता. चारांत एकाहून अधिक जणांचा रोग मूळ जागा सोडून यकृतात वा अन्यत्र पोचलेला होता. आणि सर्वांत विचार करायला लावणारी बाब म्हणजे या रुग्णांचे सरासरी वय होते अवघे ४७ वर्षे. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीचा रोग मानला जातो. टाटासारख्या मोठ्या रुग्णालयात तरुण रुग्ण अधिक पाठवले जातात आणि आपली लोकसंख्याच मुळात तरुण आहे, हे लक्षात घेऊन या आकड्याला थोडी कात्री लावली, तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा उरत नाही.

वस्तुतः भारतात या रोगाचे प्रमाण कमी आहे. जगात २०२० साली या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख ३५ हजार माणसे त्याने दगावली. भारतातील नव्या रुग्णांची संख्या मात्र ६५ हजारांच्या आसपास होती. लोकसंख्येच्या हिशेबाने हे प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानाने कित्येक पटींनी कमी भरते. असे का, याचा शोध जुना आहे. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील पचनमार्गाच्या कर्करोगांची तुलना करून १९६७ साली असे दाखवले की प्रांत बदलला, खाणे बदलले, की या रोगांची वाटणीही बदलते. आफ्रिकेत वर्षानुवर्षे काम केलेल्या डेनिस बर्किट या ब्रिटिश शल्यविशारदाने १९७१ साली चोथायुक्त आहाराचा सिद्धान्त मांडला. भाकरी, डाळ, भाजीपाला खाणाऱ्यांची आतडी निरोगी राहतात, हा आता सर्वतोमुखी झालेला विचार बराचसा त्यांच्यामुळे रूढ झाला. तथापि त्या आहारावर विसंबून निर्धास्त राहावे अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. शहरांतील नोंदींमध्ये हा रोग हळूहळू वर सरकत आहे, आणि खेड्यांचे ताट शहरांपासून किती दिवस निराळे राहील, हे भंडाऱ्याच्या बाजारपेठेत एक फेरफटका मारणाऱ्याला सांगावे लागत नाही.

रोग कमी असला तरी त्याची चर्चा करायची ती अशासाठी की तो उशिरा कळण्याला निसर्गाचे फारसे कारण नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी एक लहानसा कोंब उगवतो. त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. असे सर्वच कोंब बिघडत नाहीत, पण जो बिघडतो त्याला कर्करोगाचे रूप घ्यायला बहुधा दहा वर्षांच्या घरात काळ लागतो. इतकी दीर्घ मुदत देणारे कर्करोग थोडेच आहेत. कोंब असतानाच काढला तर कर्करोग होतच नाही. रोग आतड्याच्या भिंतीत असेपर्यंत सापडला तर शस्त्रक्रियेने दहांपैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. यकृतात पोचल्यावर मात्र हे चित्र साफ पालटते.

मग तपासत का नाहीत? याचे उत्तर तपासणीच्या स्वरूपातच आहे. मोठ्या आतड्याची खात्रीची तपासणी म्हणजे दुर्बिणीची. तिच्या मुळाशी एका भारतीयाचे काम आहे, हे फारसे ठाऊक नसते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले आणि आग्र्याला शिकलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे सिद्ध केले. १९५४ च्या जानेवारीत 'नेचर' नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तीनच वर्षांनी बेसिल हर्शोविट्झ यांनी या तंतूंची वाकणारी जठरदुर्बीण केली. न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ च्या सुमारास तशीच लांब दुर्बीण संपूर्ण मोठ्या आतड्यात फिरवली, आणि शिन्या यांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून कोंब कापून काढण्याची युक्ती रूढ केली. पोट न फाडता रोग पाहणे आणि तो उगवतानाच खुडणे ही दोन्ही कामे एकाच नळीने होऊ लागली. आजही तिला तोड नाही.

पण ती नळी देहात जायला हवी, आणि तीही अशा मार्गाने की ज्याचा उच्चारही चारचौघांत होत नाही. आदल्या दिवशी उपास, मग दोन-चार लिटर रेचक द्रावण, रात्रभर शौचकूपाच्या फेऱ्या. दुसऱ्या दिवशी गुंगीचे औषध, सोबतीला माणूस, त्या माणसाचीही रोजी बुडालेली. हजारात एखाद्याहूनही कमी वेळा, पण आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. शिवाय ती फिरवणारा हात कसबी हवा. असा हात तालुक्याला नसतो; नागपूरला असतो. भंडारा शहरापासून नागपूर साठ-बासष्ट किलोमीटर, पण लाखांदूरच्या टोकाच्या गावाहून निघणाऱ्याला हा हिशेब लागू पडत नाही. ज्याला काहीच दुखत नाही, अशा माणसाने केवळ खबरदारी म्हणून हे सारे करावे, ही अपेक्षा कागदावर शोभते.

म्हणूनच गेली साठ वर्षे वैद्यकशास्त्र एका सोप्या वाटेच्या शोधात आहे: देहात काहीही न घालता आत काय चालले आहे हे कळेल काय? या शोधाचा इतिहास एका झाडापासून सुरू होतो. वेस्ट इंडीज बेटांत आणि आसपासच्या प्रदेशात ग्वायकम नावाचे अतिकठीण लाकडाचे झाड आहे. त्याच्या राळेत रक्ताचा अंश मिसळून विशिष्ट रसायन टाकले तर ती निळी पडते, हे व्हान डीन या शास्त्रज्ञाने १८६४ सालीच नोंदवले होते. गुन्ह्याच्या तपासात ही राळ वापरली गेली. कर्करोगाचा किंवा मोठ्या कोंबाचा पृष्ठभाग अधूनमधून झिरपतो, ते रक्त डोळ्यांना दिसत नाही, पण राळेला दिसते. यावरून अमेरिकेतील ओहायो राज्यातले डेव्हिड ग्रीगर नावाचे डॉक्टर राळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या रुग्णांना घरी देऊ लागले. रुग्णाने तीन दिवस काडीने नमुना त्यावर फासायचा आणि पट्टी परत आणून द्यायची. १९६७ साली त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. तक्रार नसलेल्या माणसांत आतड्याचा कर्करोग अशा क्षुल्लक साधनाने हाती लागतो, हे तोपर्यंत कोणी गंभीरपणे घेतले नव्हते.

क्षुल्लक साधनाचा कस लागायला मात्र पंचवीस वर्षे जावी लागली. मिनेसोटात ४६,५५१ माणसांवर चाललेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९३ साली आला: दरवर्षी पट्टी तपासणाऱ्यांच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. १९९६ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधील फ्यून येथून तसेच, पण काहीसे सौम्य आकडे आले. तेथे तपासणी दोन वर्षांतून एकदा होती आणि घट १५ ते १८ टक्के होती. राळेचे दोषही याच काळात उघडे पडले. ती माणसाचे रक्त आणि बोकडाचे रक्त यांत भेद करीत नाही. मटण खाल्ले, मुळा खाल्ला, तरी निळी पडते. जठरातल्या व्रणाचे रक्तही तिला चालते.

या दोषांतून पुढची पायरी निघाली. प्रतिपिंडांच्या साहाय्याने केवळ मानवी हिमोग्लोबिन ओळखणारी ही चाचणी 'फिट' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. पथ्य नाही, तीन दिवसांची कटकट नाही. एका छोट्या नळीच्या झाकणाला जोडलेली खाचांची काडी विष्ठेत चार ठिकाणी टोचून परत नळीत बसवली की काम झाले. जपानने १९९२ साली ती राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली. इंग्लंडने २०१९ साली राळेची पट्टी बाजूला सारून हीच चाचणी स्वीकारली. कर्करोग असलेल्या दहांपैकी सुमारे आठ जण ती एका फेरीत पकडते. कोंब पकडण्यात मात्र ती उणी आहे. मोठ्या कोंबांपैकी फार तर चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा. पण दर वर्षा-दोन वर्षांनी ती पुन्हा करता येते आणि आज निसटलेला कोंब उद्या सापडू शकतो.

धानपट्ट्याच्या दृष्टीने या चाचणीचा आणखी एक गुण आहे, आणि परदेशी लेखनात त्याचा फारसा उल्लेख होत नाही, कारण तेथे त्याची गरज नाही. ओल्या मातीत अनवाणी राबणाऱ्यांत अंकुशकृमी आढळतो आणि तो लहान आतड्यात राहून रक्त शोषतो. त्या रक्तातील प्रथिन खाली उतरेपर्यंत पाचक रसांनी बहुतांशी मोडून गेलेले असते, त्यामुळे 'फिट'ला ते सहसा दिसत नाही. राळेला मात्र त्याने चकवा बसू शकतो. आमांश, मूळव्याध आणि आतड्याचा क्षय यांचे रक्त मात्र 'फिट'लाही दिसणारच, हे विसरून चालणार नाही.

बाकीच्या नव्या चाचण्यांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. विष्ठेतील रक्ताबरोबरच कर्करोगाच्या पेशींतून गळलेली जनुकीय चिन्हे शोधणारी 'कोलोगार्ड' ही चाचणी अमेरिकेत २०१४ साली मान्य झाली. सुमारे दहा हजार माणसांवरील अभ्यासात तिने ९२ टक्के कर्करोग पकडले, 'फिट'ने ७४; पण निरोगी माणसाला विनाकारण घाबरवण्याचे तिचे प्रमाणही त्याच मापाने अधिक होते. रक्ताच्या एका नळीवरून निदान करू पाहणारी 'शील्ड' चाचणी २०२४ साली तेथेच मान्य झाली. कर्करोग असेल तर ती ८३ टक्के वेळा सांगते. बिघडण्याच्या बेतात असलेल्या कोंबांपैकी मात्र जेमतेम १३ टक्के तिच्या हाती लागतात. म्हणजे रोग होऊ न देणे हा जो या तपासणीचा खरा लाभ, तोच तिच्यात क्षीण आहे. क्ष-किरणांच्या सी. टी. यंत्रावर संगणकाने आतड्याचे आभासी चित्र रेखाटण्याची पद्धत १९९४ पासून आहे. गिळायच्या कॅमेऱ्याची गोळी इस्रायलच्या गॅव्हरिएल इडान यांच्या कल्पनेतून २००० साली जगापुढे आली आणि काही वर्षांनी तिची मोठ्या आतड्यासाठीची आवृत्तीही निघाली. या दोन्हींना आतडे साफ करण्याचे तेच रेचक लागते. वर्तमानपत्रांच्या रकान्यांत या चाचण्यांचे कौतुक होते ते योग्यच; पण त्यांच्या किमती पाहता पवनी किंवा मोहाडीच्या माणसाला त्यांचा उपयोग चंद्रावरच्या बातमीइतकाच.

साध्या चाचणीच्या बाजूने अलीकडे मोठा पुरावा आला तो स्पेनमधून. तेथे ५० ते ६९ वयाच्या ५७ हजारांहून अधिक माणसांचे दोन गट करून एकाला दुर्बिणीच्या तपासणीचे, तर दुसऱ्याला दर दोन वर्षांनी 'फिट' चाचणीचे निमंत्रण दिले गेले. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले: या कर्करोगाने मरण पावलेल्यांचे प्रमाण एका गटात ०.२२ टक्के, दुसऱ्यात ०.२४ टक्के. शंभर नंबरी दुर्बीण आणि नळीतली काडी यांत फरक उरला नाही. कारण शास्त्रापेक्षा स्वभावात होते. काडीच्या निमंत्रणाला ४० टक्के लोकांनी होकार दिला, दुर्बिणीच्या निमंत्रणाला ३२ टक्क्यांनी. जी तपासणी लोक करून घेतात तीच उपयोगी पडते, हे शिक्षणखात्यात काम केलेल्या कोणालाही पटावे.

तेव्हा भंडाऱ्यातील पन्नाशीपुढच्या सर्वांच्या हाती ही नळी द्यावी काय? इथे घाई करून चालणार नाही, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसणे बरे. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाख ३३४ होती. त्यांतील पन्नाशी ओलांडलेल्या १ लाख लोकांची तपासणी केली असे समजू. रोगाचे प्रमाण आपल्याकडे कमी असल्याने त्यांत दडलेले कर्करोग ५० मानू. हा केवळ हिशेबापुरता धरलेला आकडा आहे. त्यांपैकी ४० चाचणीत सापडतील. पण चाचणी निरोगी माणसांपैकी शंभरातल्या सहांना चुकीने होकार देते असे धरले, तर सुमारे सहा हजार माणसांना 'तुमच्या शौचात रक्त आहे' असे कळवावे लागेल. त्यांच्यातल्या काहींमध्ये कोंब सापडतील, तो लाभ मान्य केला तरी चाळीस रुग्णांसाठी सहा हजार दुर्बिणी, म्हणजे एका रुग्णामागे दीडशे. एक कुशल डॉक्टर रोज पाच तपासण्या करून वर्षाचे अडीचशे दिवस राबला, तरी त्याला हे काम उरकायला जवळजवळ पाच वर्षे लागतील. तोवर खरे रुग्ण त्या रांगेतच उभे असतील. ज्या तपासणीपुढे रस्ता नाही ती माणसाला भीती देते, औषध देत नाही.

केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची सार्वत्रिक तपासणी ठेवली आहे, मोठे आतडे त्यात नाही. यावर कोणी टीका करील. परंतु ज्या भागात खर्ऱ्याने तरुणांची तोंडे उघडेनाशी झाली आहेत, तिथे आधी तोंडात डोकावायचे हा क्रम चुकीचा म्हणता येणार नाही.

साध्या साधनाने ग्रामीण महाराष्ट्रात काय साधते, याचा दाखला बार्शीने दिला आहे. टाटा स्मारक केंद्राच्या साह्याने तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील तीनशेहून अधिक गावांत डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांचे सहकारी कर्करोग मोजत फिरले. मोजता मोजता ते लोकांशी बोलतही राहिले. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. अजून कोणतीही चाचणी सुरू झालेली नव्हती. केवळ लक्षणे सांगितली गेली होती. पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर तीन निरनिराळ्या चाचण्यांचा प्रयोग झाला. विषाणू शोधणारी एकच चाचणी, आयुष्यात एकदाच केली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा त्याचा २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर मानला गेला. या प्रयोगाचे मर्म चाचणीत जितके होते तितकेच पुढच्या व्यवस्थेत होते. जिचा नमुना सदोष निघाला तिला उपचारासाठी कुठे जायचे हे आधीच ठरलेले होते.

तेव्हा भंडाऱ्यासाठी उलट्या टोकाने सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ज्यांना काहीच होत नाही त्या लाखांऐवजी, ज्यांना काहीतरी होत आहे पण काय ते कळत नाही, अशा हजारांकडे आधी पाहावे. इंग्लंडने नेमके हेच केले आहे. तेथे २०२३ पासून पोटाच्या व शौचाच्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाला तज्ज्ञाकडे धाडण्यापूर्वी 'फिट' करण्याची शिफारस आहे, आणि विष्ठेच्या एका ग्रॅममागे हिमोग्लोबिन दहा मायक्रोग्रॅम किंवा अधिक निघाले तरच त्याला तातडीच्या रांगेत घेतात. पुन्हा हिशेब करू. वर्षभरात अशा तक्रारींचे दोन हजार रुग्ण आले आणि शंभरात दोन या प्रमाणात त्यांत ४० कर्करोग असले, तर या मापाने ३६ सापडतील. आमांश आणि मूळव्याध यांमुळे निरोगी शंभरातल्या वीस जणांनाही होकार मिळाला, तरी एकूण दुर्बिणी सव्वाचारशे ते साडेचारशे. एका रुग्णामागे दीडशेऐवजी बारा. हे काम आवाक्यातले आहे. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, मिहानमधील एम्स आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था ही मोठी ठिकाणे सारी दीड-दोन तासांच्या टप्प्यात आहेत. जे चार निसटले त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. नकार आला तरी तक्रार टिकून राहिली तर महिन्या-दीड महिन्याने परत या, हे वाक्य त्या नळीइतकेच आवश्यक आहे.

तक्रार म्हणजे केवळ रक्त नव्हे. पूर्व विदर्भात एका लक्षणाकडे हमखास काणाडोळा होतो, ते म्हणजे पांडुरोग. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कर्करोग गाजावाजा न करता झिरपत राहतो. शौचात काही दिसत नाही, फक्त माणूस फिका पडत जातो, धाप लागते. या भागात सिकलसेलचा विकार आहे, कुपोषण आहे, कृमी आहेत; रक्त कमी असण्याला कारणांचा तोटा नाही. त्यामुळे पन्नाशीच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन आठावर आले तरी त्याच्या हाती लोहाच्या गोळ्या पडतात आणि प्रकरण मिटते. पाळी गेलेल्या स्त्रीचेही तेच. उतारवयात लोहाची उणीव नव्याने दिसली तर रक्त जाते कुठे, हा प्रश्न विचारायला हवा. आणि तो विचारायला विष्ठेच्या नळीहून स्वस्त साधन नाही.

एक साधन तर त्याहूनही स्वस्त आहे. टाटा रुग्णालयाच्या त्या ८०० रुग्णांत सर्वाधिक, म्हणजे दहांतल्या चारांहून अधिक जणांचा रोग गुदाशयात होता. गुदाशयाच्या खालच्या टप्प्यातील गाठ हातमोजा घातलेल्या बोटाला लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला हे शिकवलेले असते, हातमोजे कपाटात असतात, लागतो तो दोन मिनिटांचा वेळ, एक पडदा आणि स्त्री रुग्णाजवळ एक परिचारिका. तरीही मूळव्याधीचे मलम बहुतेकदा या तपासणीवाचूनच लिहून दिले जाते. देहाला कमीत कमी उपद्रव देणाऱ्या पद्धतींच्या यादीत या बोटाचा समावेश कोणी करीत नाही, कारण ते विकत घ्यावे लागत नाही. डॉक्टरांचा संकोच आणि रुग्णांचा संकोच इथे एकमेकांना सांभाळून घेतात. गाठ बोटाला लागली तर मग चाचणीची वाट पाहण्याचे कारणच उरत नाही. रुग्ण थेट दुर्बिणीकडे जायला हवा.

राहता राहिल्या काही व्यावहारिक अडचणी, ज्या परदेशी माहितीपत्रकांत नसतात. भारतीय बैठकीच्या शौचकूपात विष्ठा पाण्यात मिसळते आणि पाण्यात गेलेला नमुना निरुपयोगी होतो. त्यासाठी भांड्यावर जाड कागद अंथरून घ्यायला सांगावे लागेल, आणि हे आशा कार्यकर्तीला स्वतःच्या बोलीत, न लाजता सांगता यावे लागेल. दुसरी अडचण उन्हाची. नळीतले हिमोग्लोबिन उष्णतेने नासते. इटलीतील फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की तेथल्या उन्हाळ्यातसुद्धा चाचणी होकारार्थी येण्याची शक्यता हिवाळ्याच्या तुलनेत १७ टक्क्यांनी घटते. फ्लॉरेन्सचा उन्हाळा म्हणजे विदर्भाचा फाल्गुनही नव्हे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकत असताना उपकेंद्राच्या खिडकीत चार दिवस पडून राहिलेली नळी 'रक्त नाही' असे सांगेल, आणि ते खोटे असेल. नमुने थंडीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कापणी उरकल्यावर गोळा करावेत, हे दोन्ही अंगांनी सोयीचे. माणसेही तेव्हाच मोकळी असतात. उन्हाळ्यात तक्रार घेऊन आलेल्याचा नमुना मात्र त्याच दिवशी बर्फाच्या डब्यातून तुमसर, साकोली वा भंडाऱ्याच्या प्रयोगशाळेत पोचायला हवा. क्षयरोगाच्या थुंकीचे नमुने गावोगावच्या उपकेंद्रांतून तपासणी केंद्रात पोचवण्याची सोय आरोग्यखात्याने उभी केलेली आहेच. त्याच माणसाच्या पिशवीत आणखी एक डबा मावतो.